केबलवर लाखभर रुपये घालू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नागपुरात मनीषनगरला नवा फ्लॅट घेतलाय, हॉलमधली साउंड सिस्टीम साधारण सहा लाखांची ठरतेय: इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर, उभे फ्लोअर-स्टँडिंग स्पीकर, डॅक-स्ट्रीमर (नेटवरचं डिजिटल गाणं घेऊन ॲम्प्लिफायरला देणारं मशिन) आणि वडिलांच्या तबकड्यांसाठी एक टर्नटेबल. दुकानदार म्हणतो, बजेटच्या पंधरा-वीस टक्के केबलसाठी बाजूला ठेवा. तुमच्या ओळखीचे साळेबुवा म्हणतात, तांबं ते तांबं, फिटिंगमधून उरलेली वायर लावा आणि मोकळे व्हा. दोघांच्या मधे तुम्ही अडकलात.

साळेबुवा बरेचसे बरोबर आहेत. पण उरलेली वायर कोणती, किती लांब जाणार आणि टोकाला कशी बसवली हे न पाहता त्यांचं ऐकलंत, तर वाईट आवाजाचं खापर बिचाऱ्या स्पीकरवर फुटेल. दुकानदाराच्या बोलण्यातही थोडं तथ्य आहे, पण त्या तथ्याचा आणि त्याने सांगितलेल्या किमतीचा मेळ बसत नाही. ॲम्प्लिफायरवर त्याला घासाघीस करून जेमतेम काही सुटतं, केबलवर भरपूर सुटतं. दुकान आहे, भाडं आहे, माणसं आहेत. मी त्याला दोष देत नाही. खिसा मात्र तुमचा आहे.

मुळात केबल आवाजात भर घालू शकत नाही. ती काहीतरी खाते, किंवा बाहेरचं काहीतरी आत घेते. त्यामुळे "कोणती केबल चांगली वाजते" असं विचारण्यापेक्षा आपल्या घरात, आपल्या अंतरावर, आपल्या मशिनांमध्ये केबल कुठे बिघाड करू शकते ते शोधायचं. अशा जागा मोजक्याच आहेत, आणि सगळ्यात महाग केबल विकली जाते त्या जागी त्या बहुधा नसतात.

स्पीकर वायरपासून सुरुवात करू, कारण तिच्यासाठी आकडेमोड सोपी आहे. तांब्याची १ चौरस मिलिमीटर जाडीची आणि १ मीटर लांबीची तार साधारण ०.०१७ ओहम रेझिस्टन्स देते. करंट जातो आणि परत येतो, म्हणजे हिशोब दुप्पट. तुम्ही पाठवलेल्या नकाशात उजव्या स्पीकरची वायर बाल्कनीच्या दाराला वळसा घालून जाते, म्हणजे १० मीटर धरू. तिथे टेबल-लॅम्पला वापरतात तसली ०.७५ चौरस मिलिमीटरची वायर टाकली तर जाऊन-येऊन ०.४६ ओहम होतात. ऐकायला किरकोळ. पण स्पीकरवर '८ ओहम' लिहिलेलं असलं तरी तो आकडा नाममात्र असतो. सूर बदलला की स्पीकरचा भारही बदलतो. एखादा उभा स्पीकर खालच्या सुरांत कुठेतरी ३.२ ओहमपर्यंत उतरतो आणि क्रॉसओव्हरच्या (खालचे आणि वरचे सूर जिथे वेगवेगळ्या युनिटना वाटले जातात त्या जागेच्या) आसपास २० पर्यंत चढतो. वायरमधले ०.४६ ओहम पहिल्या जागी एक डेसिबलहून जास्त खातात आणि दुसऱ्या जागी जेमतेम ०.२. म्हणजे तुम्ही न मागता टोन कंट्रोलचं बटण एका डेसिबलने फिरलं. हे कानाला कळतं; लोक त्याला "आवाज पातळ झाला", "तबल्याच्या डग्ग्याला वजन नाही" अशा शब्दांत सांगतात, आणि ते खोटं बोलत नसतात.

तीच लांबी, पण वायर अडीचची घेतली तर फरक ०.३ डेसिबलवर येतो. चारची घेतली तर ०.२ च्या आत. इथे गोष्ट संपते. पाच मीटरपर्यंत दीडची पुरते, दहापर्यंत अडीचची, त्यापुढे चारची. तुमच्या हॉलला दोन्हीकडे अडीचची टू-कोअर फ्लेक्झिबल टाका. फारच हौस असेल तर चारची. घरातल्या फिटिंगच्या सुट्या सिंगल वायरीही चालतात, फक्त दोन वायरी एकमेकींपासून लांब पसरू देऊ नका, पीळ घालून एकत्र न्या. सुट्या पसरल्या की इंडक्टन्स (बदलत्या करंटला होणारा अडथळा) वाढतो आणि रेडिओसारखा कचराही जास्त उचलला जातो.

डावीकडे ४ मीटर आणि उजवीकडे १० मीटर चालेल का, हेही विचारलंत. चालेल. वायरीतला सिग्नल प्रकाशाच्या साधारण दोन-तृतीयांश वेगाने धावतो, ६ मीटरचा फरक म्हणजे ३० नॅनोसेकंद. तेवढ्या वेळात हवेतला आवाज मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढाच सरकतो. तुम्ही सोफ्यावर मान थोडी वळवलीत तर यापेक्षा हजारपट फरक पडेल. डावीकडची जास्तीची वायर वेटोळं करून टीव्ही युनिटच्या मागे कोंबण्यापेक्षा लागेल तेवढीच कापा.

आता बाजारातली खरी फसवणूक. ती लाखाच्या केबलमध्ये नाही, मीटरवर मिळणाऱ्या स्वस्त जाड केबलमध्ये आहे. बर्डीला मोदी लाइनीच्या बाजारात किंवा ऑनलाइन, पारदर्शक पिवळसर आवरणाची, आतून तांबूस चमकणारी, वर 'ओएफसी' (ऑक्सिजन-फ्री तांबं) छापलेली लुसलुशीत वायर दिसते. तिची एक बारीक तार काढून ब्लेडने खरवडा. आत पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार आहे. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या ६१ टक्के, मुलाम्यासकट ६५ च्या आसपास. म्हणजे अडीचची म्हणून घेतलेली वायर प्रत्यक्षात दीड-पावणेदोनचं काम करते. शिवाय स्क्रूखाली ती दबते, सैल होते, दोन-चार वेळा वाकवली की तुटते.

खरवडू देत नसेल तर बंडल उचलून पाहा. फिटिंगच्या वायरीचं बंडल आपल्याकडे ९० मीटरचं येतं. अडीचच्या ९० मीटर वायरीत निव्वळ तांबंच २ किलो भरतं, आवरणाचं वजन वेगळं. मुलाम्याच्या वायरीत तोच धातू पाऊण किलो. हातात घेतल्यावर मीटर लागत नाही. तरी मीटर लावायचाच असेल तर एका-दोन मीटरच्या तुकड्याला लावू नका, साध्या मल्टिमीटरच्या प्रोबचाच रेझिस्टन्स त्याहून जास्त असतो. अख्ख्या बंडलाच्या दोन टोकांना लावा, प्रोब एकमेकांना टेकवून येणारा आकडा वजा करा. अडीचच्या खऱ्या तांब्याला ०.७ ओहमच्या आसपास यायला हवं. एक-सव्वा ओहम दाखवलं तर बंडल परत. आयएस ६९४ चा शिक्का असलेली, नावाजलेल्या कंपनीची वायर घेतली तर ही कसरत करावी लागत नाही.

चांदीचं काय? चांदी तांब्यापेक्षा पाच-सहा टक्के जास्त वाहक आहे. म्हणजे अडीचची चांदीची तार आणि पावणेतीनच्या आतली तांब्याची तार एकाच मापाची. ऑक्सिजन-फ्री तांबं आणि वायरीचं नेहमीचं तांबं यांच्या वाहकतेत एक टक्क्याचाही फरक नसतो. 'स्किन इफेक्ट'ची, म्हणजे वरच्या सुरांचा करंट तारेच्या पृष्ठभागालगतच वाहतो याची, भीती घालतील. २० किलोहर्ट्झला तांब्यात करंटची खोली सुमारे ०.४७ मिलिमीटर असते, आपल्या वायरीच्या जाडीत त्याने ऐकू येण्यासारखं काही घडत नाही. वायरीवरचे दिशेचे बाण आणि 'बर्न-इन'चे, म्हणजे नवी केबल वाजवून 'रुळवण्याचे', तास यांवर वेळ घालवू नका. बाणाला अर्थ असतो तो दोन ठिकाणी: शील्ड (तारेभोवतीचं धातूचं आवरण) एकाच टोकाला जोडलेली इंटरकनेक्ट (दोन मशिनांना जोडणारी केबल), आणि लांब पल्ल्याची ऑप्टिकल एचडीएमआय. ती दुसरी उलटी बसवली तर चित्रच येत नाही.

इतिहास म्हणाल तर १९७० च्या दशकापर्यंत स्पीकरसाठी वेगळी वायर विकत घ्यायची पद्धतच नव्हती, लोक दिव्याचीच वायर वापरत. त्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात नोएल ली यांनी मॉन्स्टर केबल काढली आणि धंदा उभा राहिला. १९८३ साली 'स्टीरिओ रिव्ह्यू' या अमेरिकन मासिकाने २४ गेजची बारीक तार, १६ गेजची साधी वायर आणि मॉन्स्टर यांची तुलना ऐकणाऱ्यांना नाव न सांगता केली. बारीक तार ओळखू आली. साधी आणि महागडी यांच्यात संगीत ऐकून कोणाला खात्रीने फरक सांगता आला नाही. १६ गेज म्हणजे आपली सव्वाची वायर. वर केलेली आकडेमोडही हेच सांगते.

काही अपवाद सांगून ठेवतो, म्हणजे नंतर कोणी तुम्हाला कोंडीत पकडायला नको. नेम (Naim) कंपनीसारख्या काही ब्रिटिश ॲम्प्लिफायरना ठरावीक किमान लांबीची, ठरावीक प्रकारची स्पीकर वायर लागते, कारण त्यांच्या आउटपुटवरची कॉइल मुद्दाम वगळलेली असते आणि वायरीचा इंडक्टन्स हाच त्या डिझाइनचा भाग असतो. आणि वेणी घातल्यासारख्या विणलेल्या काही केबलची कपॅसिटन्स (विजेचा भार साठवण्याची क्षमता) इतकी जास्त असते की नाजूक ॲम्प्लिफायर त्यांच्यावर अस्थिर होऊन तापतो. यात गंमत अशी की ही दुसरी केबल बहुतेक वेळा महागड्यांपैकीच असते. तुमच्या यादीतल्या ॲम्प्लिफायरला यातलं काही लागू नाही.

मग इतके लोक शपथेवर सांगतात की केबल बदलली आणि पडदा उठल्यासारखं झालं, ते काय? ज्यांच्या घरी मी हे स्वतः पाहिलंय तिथे बहुतेक वेळा खरंच काहीतरी बदललेलं होतं. मशिनांना जोडणारी जुनी आरसीए (गोल पिनची) केबल पाच-सात वर्षं जागची हललेली नसते. आपल्याकडे मार्च ते जून कूलरची दमट हवा, लगेच पुढे पावसाळा. पिन आणि सॉकेटवर काळपट थर बसतो. नवी केबल लावायला जुनी ओढून काढली की सॉकेट आपोआप घासलं जातं. आवाज सुधारतो, श्रेय नव्या केबलला. म्हणून माझा नियम: कोणी नवी केबल ऐकवायला आणली की आधी जुनी काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही बाजू पुसून, तीच पुन्हा बसवायची आणि ऐकायचं. निम्मे व्यवहार तिथेच मोडतात.

स्पीकरच्या टर्मिनलचंही तेच. पारदर्शक आवरणाची वायर काही वर्षांनी टोकापासून हिरवी पडायला लागते. ते हिरवं टोक इंचभर कापायचं, नवं तांबं उघडं करायचं, स्क्रूचा चांगला बनाना प्लग बसवायचा. टोकाला शिसं-कथलाचा डाग देऊन ते स्क्रूखाली दाबू नका. डाग मऊ असतो, दाबाखाली हळूहळू पसरतो आणि सहा महिन्यांत स्क्रू सैल. आणि एकही सुटी तार शेजारच्या टर्मिनलला टेकता कामा नये. ॲम्प्लिफायर जळण्याचं हे सगळ्यात फुकटचं कारण आहे.

केबल बदलल्यावर फरक वाटण्याचं दुसरं कारण आवाजाच्या पातळीचं. ०.२ डेसिबलने मोठा वाजणारा आवाज कानाला मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. दुकानात केबल बदलताना व्हॉल्यूम शून्यावर नेऊन परत अंदाजाने वर आणला जातो, आणि तिथेच निकाल लागतो. घरी करून पाहायचंच असेल तर व्हॉल्यूमला हात लावायचा नाही, केबल दुसऱ्याने बदलायची, कधी बदलायची आणि कधी नुसतं बदलल्यासारखं करायचं हे त्याने नाणं उडवून ठरवायचं, आणि तुम्ही पाठ फिरवून, बदलली की नाही ते कागदावर लिहायचं. सोळापैकी बारा वेळा बरोबर आलात तर नुसत्या अंदाजाने तेवढं जमण्याची शक्यता चार टक्क्यांच्या आत. तेव्हा खुशाल घ्या ती केबल. आठ-नऊवर अडकलात तर पैसे वाचले. आणि हे सगळं कूलर बंद करून. मोठ्या कूलरसमोर डेसिबल मीटर सहज साठच्या घरात जातो. मे महिन्यात तो सुरू ठेवून ज्याला चांदीच्या तारेचा गोडवा ऐकू येतो त्याला माझा लांबून नमस्कार.

आता जिथे केबल खरोखर महत्त्वाची आहे तिथे येऊ. तुमच्या बाबतीत ती जागा म्हणजे टर्नटेबल.

मूव्हिंग मॅग्नेट प्रकारच्या कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या भागाच्या) आत बारीक तारेची मोठी कॉइल असते, तिचा इंडक्टन्स ५०० मिलिहेन्रीच्या आसपास. टोनआर्मच्या (सुईच्या दांडीच्या) आतली तार, फोनो केबल आणि फोनो स्टेजचा (तबकडीचा बारीक सिग्नल मोठा करणाऱ्या भागाचा) इनपुट या तिघांची कपॅसिटन्स मिळून त्या कॉइलशी एक रेझोनन्स तयार होतो. एकूण २०० पिकोफॅरड असेल तर तो १६ किलोहर्ट्झजवळ पडतो, म्हणजे ऐकण्याच्या जवळजवळ बाहेर. ४०० झाली की खाली ११ वर येतो, ऐन कानाच्या टप्प्यात. तिथे आवाजाला उंचवटा येतो आणि त्याच्या वरचे सूर सगळे ढासळतात. वडिलांच्या भावगीतांच्या तबकड्या असतील, तर गायिकेचा 'स' आणि 'श' सुईसारखा टोचायला लागेल, आणि झांजेवरची झळाळी मात्र गायब. लोक कार्ट्रिज बदलतात, तबकडी घासली म्हणतात. दोष असतो दीड मीटरच्या जाडजूड, भरपूर शील्ड घातलेल्या, दिसायला रुबाबदार केबलमध्ये. अशा केबलची कपॅसिटन्स मीटरला २०० पिकोफॅरडच्या वर सापडते. साध्या चांगल्या कोॲक्सची (मधे तार, भोवती शील्ड अशा केबलची) ६० ते १००.

म्हणून फोनो केबल घेताना एकच आकडा विचारा: मीटरला किती पिकोफॅरड? विक्रेत्याला सांगता आला नाही तर ती केबल घेऊ नका, मग किंमत काही का असेना. लांबी १ मीटर, शक्य तर त्याहून कमी. अनेक कार्ट्रिज एकूण १०० ते २०० पिकोफॅरडचा भार मागतात, कार्ट्रिजच्या कागदावर ते छापलेलं असतं. टर्नटेबलची बारीक ग्राउंड वायर फोनो स्टेजच्या स्क्रूला घट्ट आवळा, कारण इथला सिग्नल ४-५ मिलिव्होल्टचा आहे. पुढे कधी मूव्हिंग कॉइल प्रकारच्या कार्ट्रिजकडे गेलात तर तो आणखी दहापट लहान होईल. तिथे कपॅसिटन्सची काळजी मिटते, पण शील्ड आणि सांध्याची वाढते.

डॅकपासून ॲम्प्लिफायरपर्यंत तेवढी चिंता नाही. सिग्नल २ व्होल्टचा, डॅकचा आउटपुट दणकट, अंतर हातभर. नीट सोल्डर केलेली, घट्ट बसणारी कोणतीही शील्डेड आरसीए चालेल. दोन्ही मशिनांना एक्सएलआर (तीन पिनांचं सॉकेट) असेल आणि अंतर ३-४ मीटरच्या वर असेल तर बॅलन्स्ड वापरा. दोन तारांत सारखाच शिरलेला कचरा पुढच्या मशिनमध्ये वजा होतो. देशपांडे सभागृहात मंचावरचा माइक ते मागचा मिक्सर हे अंतर आठवा. तंबोऱ्यासमोरच्या माइकचा काही मिलिव्होल्टचा सिग्नल तेवढं अंतर याच पद्धतीने, मीटरवर मिळणाऱ्या साध्या माइक केबलमधून जातो. तुमच्या स्ट्रीमरवर येणारं रेकॉर्डिंगही स्टुडिओत असल्याच केबलच्या जंगलातून आलेलं आहे.

नागपुरात मला सर्वाधिक वेळा बोलावलं जातं ते 'घूं' या आवाजासाठी, आणि घरमालकाने तोवर इंटरकनेक्ट बदलून पाहिलेल्या असतात. धरमपेठेतल्या एका घरी असंच होतं: महागडा प्री-ॲम्प्लिफायर, त्याहून महागडी केबल, आणि गाणं थांबलं की खोलीभर घूं. मी केबलला हात न लावता सेट-टॉप बॉक्सच्या मागची कोॲक्स पिळून काढली. खोली एकदम चिडीचूप. मग मल्टिमीटर एसीवर ठेवून एक प्रोब त्या कोॲक्सच्या बाहेरच्या आट्यांना आणि दुसरा ॲम्प्लिफायरच्या आरसीएच्या कड्याला लावला, तर मधे चक्क व्होल्ट. ती कोॲक्स गच्चीवरून गच्चीवर उड्या मारत तिसऱ्या इमारतीतून आलेली, तिचं अर्थिंग तिकडचं. ॲम्प्लिफायरचं अर्थिंग इकडचं. दोन अर्थिंगमधला फरक भरून काढायला ५० हर्ट्झचा करंट इंटरकनेक्टच्या शील्डमधून वाहत होता आणि गाण्यात मिसळत होता. सोन्याची शील्ड लावली असती तरी तो वाहिलाच असता. कोॲक्समध्ये छोटासा आयसोलेटर टाकला की काम होतं, किंवा सेट-टॉप बॉक्सचा आवाज ऑप्टिकल केबलने घ्यायचा, म्हणजे विजेचा संबंधच तुटतो.

या घूंवर आपल्याकडे एक घरगुती इलाज सर्रास सांगितला जातो: थ्री-पिनची अर्थची पिन काढून टाका. "चालते न भाऊ, काही होत नाही." पिन काढली की घूं जाते, आणि आतलं इन्सुलेशन फाटलं की एखाद दिवशी माणूस जातो. करू नका, करू देऊ नका. सगळी मशिनं एकाच प्लग-पॉइंटवरच्या एका चांगल्या स्पाइक-बोर्डवर आणा, निम्मे ग्राउंड लूप, म्हणजे दोन अर्थिंगमधून फिरणारे असे करंट, तिथेच संपतात.

अर्थिंगचा विषय निघालाच आहे तर तुमच्या सोसायटीचा अर्थिंग पिट पाहून घ्या. आपल्या भागातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर भेगा पडून इलेक्ट्रोडपासून सुटते. माती वाळली की अर्थिंगचा रेझिस्टन्स वाढतो. जुने इलेक्ट्रिशियन फेब्रुवारीपासून पिटात पाणी सोडत, नव्या स्कीममध्ये पिट कुठे आहे हे वॉचमनलाही माहीत नसतं. सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात २-३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर आधी इलेक्ट्रिशियन, मग ऑडिओवाला.

पॉवर केबलबद्दल आता लांबण लावत नाही. सबस्टेशनपासून तुमच्या भिंतीपर्यंत वीज जशी येते तशी येते, शेवटच्या दीड मीटरने ती गंगाजल होत नाही. ५०० वॅटच्या लोडला ॲम्प्लिफायरसोबत आलेली दीडची केबल एका व्होल्टच्या दहाव्या भागाइतकंही खात नाही, आणि मे महिन्याच्या संध्याकाळी गल्लीतले एसी सुरू झाले की व्होल्टेज त्याच्या कित्येकपट खाली-वर होतं. प्लग सॉकेटमध्ये घट्ट बसतो का आणि गरम होतो का, एवढंच पाहा. ॲम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर स्वतःच गुरगुरत असेल तर तीन संशयित तपासा: स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर, त्याच लाइनवरचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर किंवा डिमर, आणि रिले टकटकवणारा स्टॅबिलायझर. इन्व्हर्टर घेणारच असाल तर साइन वेव्ह घ्या. हॉलमधल्या ऑडिओ पॉइंटसाठी डीबीपासून (घरातल्या डिस्ट्रिब्युशन बोर्डापासून) वेगळी अडीचची लाइन ओढता आली तर उत्तम, आणि फ्लॅटचं काम चालू आहे तोवर तिला फार खर्चही नाही.

डिजिटल केबलसाठी डोकं शिणवू नका. यूएसबीवर आजचे डॅक स्वतःचं घड्याळ वापरतात, नेटवर्कवर डेटा पाकिटांनी येतो आणि हरवलेलं पाकीट पुन्हा मागवलं जातं; कॅट-५ई किंवा कॅट-६ पुरे. बिघाड झाला तर तुटक आवाज, टिकटिक किंवा शांतता मिळेल, "थोडा कमी उबदार" आवाज मिळत नाही. एचडीएमआयची लांबी मात्र जपा: ४के चित्रासाठी भिंतीतून ८-१० मीटर न्यायची असेल तर ऑप्टिकल घ्या, आणि पाइप असा ठेवा की ती उद्या ओढून बदलता येईल.

राहिले लाखातले उरलेले पैसे. तुमचा हॉल १२ बाय १८ फूट, स्लॅब १० फुटांवर, खाली व्हिट्रिफाइड टाइल, एका बाजूला सरकती काच. या मापांत ३१, ४७ आणि ५६ हर्ट्झला आवाज भिंतींमध्ये अडकून घुमणार. सोफा दोन फूट पुढे-मागे केला की एखादा खर्जाचा सूर दहा डेसिबलनेही बदलू शकतो. वर आपण ०.२ डेसिबलसाठी भांडत होतो. जाड गालिचा, काचेवर वजनदार पडदा, मागच्या भिंतीला ठासून भरलेलं पुस्तकांचं कपाट आणि कोपऱ्यांत खर्ज शोषून घेणारे खोल बास ट्रॅप यांवर तीस-चाळीस हजार घाला. स्पीकर मागच्या भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे येऊ द्या, वहिनींची परवानगी घेऊन. स्पीकर वायर, प्लग, फोनो केबल आणि आरसीए मिळून सात-आठ हजारांत बसवा. बाकीचे स्पीकरच्या वरच्या मॉडेलसाठी, नाहीतर तबकड्या धुवायच्या मशिनसाठी.

दुकानदाराला तोंडावर नाही म्हणवत नसेल तर त्याची केबल आठवडाभर घरी मागा आणि वर सांगितलेला नाण्याचा खेळ खेळा. चांगले दुकानदार देतात.

आणि घाईचं काम हे: पीओपीवाला यायच्या आत स्पीकरचे पाइप टाकून घ्या. २५ मिलिमीटरचा स्वतंत्र पाइप, लाइटच्या वायरींसोबत एकाच पाइपात नाही; त्यांना ओलांडायचंच असेल तर काटकोनात. आतमध्ये सांधा नको, वायर अखंड. ओढायला नायलॉनची दोरी आत सोडून ठेवा आणि भिंती बंद होण्याआधी मोजायची टेप लावून प्रत्येक भिंतीचा मोबाइलवर फोटो काढा. मागे छतातल्या स्पीकरचा विचार असेल तर त्यांचेही पाइप आत्ताच टाका, वायर नंतर घातली तरी चालते.